न्हाणीघराचा जीर्णोद्धार

दिवाळी जवळ आली की घराच्या दर्शनी भागाला रंग चढतो, बैठकीत नवे पडदे लागतात, दारावर तोरण झुलू लागते. न्हाणीघराकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहत नाही. पाहुणे तिथे थोडेच बसतात! आणि गंमत अशी की, दिवाळीचा खरा आरंभ त्याच खोलीत होतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल, वर उटणे, कढत पाण्याची बादली आणि पुष्कळ घरांत पायाच्या अंगठ्याने फोडायचे ते कारीट. म्हणजे अर्धवट झोपेत, तेलकट तळव्यांनी, एका पायावर उभे राहायचे! न्हाणीघराची फरशी त्या पहाटे असते तितकी निसरडी वर्षभरात क्वचितच असेल.

हा साधा विचार आमच्या घरात शिरायला तीन वर्षांपूर्वीची दिवाळी उजाडावी लागली. आमची दादरची इमारत १९६४ सालची. न्हाणीघरही त्याच वयाचे. झिजून गुळगुळीत झालेली फरशी, गंजलेले लोखंडी नळ आणि कोपऱ्यात कायमचे साचलेले पाणी. त्या पहाटे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंचा पाय सरकला. त्यांनी नळ धरला, तर तो गंजका नळच हातात आला! मनगट मुरगळण्यावर भागले. फराळाच्या वेळी आम्ही सगळे त्या प्रसंगावर हसलोही.

पण पुढे महिनाभरात माझ्या लक्षात आले की, त्यांच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या सकाळी भरलेलाच असतो. त्यांना अधूनमधून चक्करही येऊ लागली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “आजी, पाणी किती पिता?” घरी आल्यावर मी खोदून विचारले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “रात्री उठावं लागतं गं. त्या फरशीची भीती वाटते. म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही.”

त्या वाक्याने आमचे हसणे थांबले. न्हाणीघर दुरुस्त करायचे, हे त्याच रात्री ठरले.

फरशीच्या पोटात काय आहे?

पहिले ठेकेदार आले. त्यांनी चकचकीत काळ्या फरशांचे नमुने पुढे मांडले. “जुन्या फरशीवरच नवी बसवू, आठ दिवसांत काम खलास!” असे ते म्हणाले. ह्यांना ते पटलेही होते. इतक्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी मला बोलावून त्यांच्या न्हाणीघराचे छत दाखवले. ओल, पोपडे आणि एका ठिकाणी उघडी पडलेली गंजकी सळई!

भगिनींनो, हा मुद्दा नीट ध्यानात घ्या. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब पुष्कळदा बाकीच्या घरापेक्षा खाली सोडलेला असतो. त्या खड्ड्यात विटांचे तुकडे भरून वर कोबा केलेला असतो आणि त्यातूनच सांडपाण्याचे नळ जातात. एखादा सांधा निसटला की, पाणी ह्या भरावात मुरते, साठते आणि सावकाश स्लॅबच्या सळया कुजवते. वरून नवी फरशी चढवणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. शिवाय स्लॅबवरचे ओझे वाढते, ते निराळेच.

म्हणून आम्ही एका अनुभवी अभियंत्याला दाखवून आणि सोसायटीची लेखी परवानगी घेऊन मूळ स्लॅबपर्यंत सारे उकरून काढले. तुळया आणि खांब यांना हात लावायचा नाही, ही पहिली अट घातली. गंजके नळ काढून गरम पाण्याला चालणारे सीपीव्हीसीचे नळ घातले. भिंती बुजवण्याआधी त्यांत दाबाने पाणी सोडून प्रत्येक सांधा तपासला. मग जलरोधक लेप आला. तो जमिनीपुरता लावून भागत नाही. भिंतीवरही चारी बाजूंनी वीतभर आणि जिथे अंगावर पाणी घ्यायचे तिथे पुरुषभर उंचीपर्यंत तो चढवावा लागतो.

पाणी अडवण्याची ही विद्या नवी नव्हे. मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध स्नानकुंडाच्या विटांमागे डांबराचा थर आहे, आणि ते कुंड चार हजार वर्षांहूनही जुने आहे!

लेप वाळल्यावर नळाची वाट बंद करून खोलीत बोटभर पाणी तुंबवायचे आणि ते दोन दिवस तसेच ठेवायचे. ठेकेदार कुरकुरले. “वहिनी, आमच्या कामावर विश्वास नाही का?” मी म्हटले, “विश्वास आहे. पण पाण्याला विचारू या.” दुसऱ्या सकाळी खालच्या वहिनींचा निरोप आला: नळाच्या भोवती ओल दिसते आहे. तेवढा भाग पुन्हा केला, पुन्हा पाणी तुंबवले. चार दिवस वाया गेले खरे, पण फरशी बसल्यावर हेच कळले असते तर सगळेच वाया जाते!

पाण्याचा पहारेकरी

मोरीच्या जाळीखाली जो वाकडा भाग असतो, त्याला आपले कारागीर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. त्यात सदैव सुमारे पाच सेंटिमीटर पाणी उभे राहिले पाहिजे. गटारातली दुर्गंधी आणि झुरळे हेच पाणी अडवते. अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनच्या घड्याळजीने १७७५ साली शौचकूपासाठी अशा वाकड्या नळीचे पेटंट घेतले.

युक्ती क्षुल्लक वाटते, पण २००३ साली हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना सार्सची लागण झाली. तपास करणाऱ्यांनी काढलेल्या निष्कर्षात न्हाणीघरांतल्या कोरड्या पडलेल्या ट्रॅपचा मोठा वाटा सांगितला होता. तेव्हा गावाहून परतलात की, आधी मोरीत तांब्याभर पाणी ओता!

फरशीचा ढाळही ह्या जाळीकडेच हवा. दर मीटरला एक ते दीड सेंटिमीटर पुरतो. कारागिराने पाणसळ लावली तरी आपण बादलीभर पाणी ओतून पाहावे. कोपऱ्यात डबके राहिले तर तिथे शेवाळ ठरलेले.

सर्वांत अशक्त माणसाच्या मापाने

ह्यांना काचेचा आडपडदा हवा होता, मुलीला भिंतभर आरसा. शेवटी आम्ही एकच कसोटी ठरवली: घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला जे सोयीचे, ते आधी. उरलेल्या पैशांत हौस.

त्यामुळे चकचकीत काळी फरशी गेली आणि खरबरीत, लहान आकाराची आली. लहान फरशीला सांधे जास्त, म्हणून पायाला पकड चांगली. कमोडजवळ आणि न्हायच्या जागी धरायला पोलादी दांडे बसवले. ते विटांच्या पक्क्या भिंतीत खोल रोवलेले. टॉवेलची दांडी माणसाचा भार पेलत नाही, हे विसरू नका. दार बाहेर उघडणारे केले, कारण आत कुणी पडले तर आत उघडणारे दार त्याच माणसाला अडते. कडीही अशी की, प्रसंगी बाहेरून काढता यावी. उंबरा काढून जेमतेम बोटाच्या जाडीची पट्टी ठेवली. पाट सासूबाईंना सोडवेना. मग त्याच्या जागी पक्के, रुंद, पाटासारखेच पण उंच बैठे स्टूल आले. जुना तांब्याचा बंब घासूनपुसून बाल्कनीत तुळशीशेजारी ठेवला, तेव्हा कुठे त्यांचे मन निवले.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. गीझरला नीट अर्थिंग आणि घराला ३० मिलिअँपिअरवर तुटणारे सुरक्षा बटण हवेच. गॅसचा गीझर असेल तर तो बंद न्हाणीघरात मुळीच नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि माणूस सावध होण्याआधीच बेशुद्ध होतो.

सारे मिळून सव्वा महिना गेला. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे आम्ही बादल्या घेऊन आंघोळीला जात होतो. निम्म्याहून अधिक पैसे डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींत गेले. पाहुण्यांपैकी कुणीही अजून आमच्या न्हाणीघराची स्तुती केलेली नाही.

पुढल्या नरकचतुर्दशीला तेल आम्ही बाहेरच्या खोलीत जुनी सतरंजी अंथरून लावले. प्रत्येकाच्या आंघोळीनंतर फरशी साबणाच्या गरम पाण्याने धुतली. सासूबाई दांडा धरून आत गेल्या आणि आपल्या आपण बाहेर आल्या. कारीट मात्र त्यांनी खुर्चीत बसून फोडले!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचे अंथरूण आवरायला गेले. उशाशी ठेवलेला तांब्या उचलला, तर तो रिकामा होता.