आहार की संहार? : पेशीतील संयोजक प्रथिनांविषयी

डहाणू तालुक्यातील गंजाडच्या रानात माघ-फाल्गुनात साग निष्पर्ण होऊ लागतो. वाऱ्याने पान तोडले असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः देठाच्या बुडाशी वियोगाचा थर झाडानेच आधी सिद्ध केलेला असतो. १९७२ साली केर, वायली व करी या संशोधकांनी पेशीच्या नियमबद्ध मृत्यूस नाव योजले, तेव्हा ॲबर्डीन येथील ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी सुचविलेला ‘ॲपॉप्टोसिस’ हा शब्द त्यांनी स्वीकारला. त्याचा अर्थ पर्णगळ. इतके समर्पक नाव क्वचितच पडते. पुढील नावांविषयी तसे म्हणवत नाही.

पेशीच्या आवरणावरील ग्राहकास बाहेरचा रेणू चिकटला, की ग्राहकाच्या आतल्या टोकाशी संयोजक प्रथिने येऊन जुळतात. ती स्वतः रासायनिक क्रिया घडवीत नाहीत. इतरांस एकत्र आणणे हेच त्यांचे कार्य होय. वाढीच्या संदेशात ‘ग्रब-२’ हे संयोजक एका बाजूने ग्राहकास व दुसऱ्या बाजूने ‘सॉस’ला धरते आणि निरोप ‘रास’पर्यंत पोचतो. उपसर्गांस ‘वाचक’ न मानता ‘द्योतक’ मानणाऱ्या आपल्या वैयाकरणांची येथे आठवण होते. एकाच ‘हृ’ धातूपासून उपसर्गभेदाने आहारही होतो आणि संहारही.

परंतु ही उपमा फार ताणता येत नाही. ‘टीएनएफ’ हा रेणू घ्या. त्याच्या पहिल्या ग्राहकाशी ‘ट्रॅड’ हे संयोजक जुळते व ‘ट्रॅफ-२’ आणि ‘रिप-१’ यांस सामील करून घेते; त्यातून जीवनरक्षक जनुके कार्यान्वित होतात. २००३ साली मिशो व चॉप यांनी दाखविले, की पुढे हा संघ ग्राहकापासून सुटतो व त्यास ‘फॅड’ हे दुसरे संयोजक आणि ‘कॅस्पेज-८’ येऊन मिळतात. तोवर ‘फ्लिप’ हे रक्षक प्रथिन पुरेसे तयार झाले असेल तर पेशी वाचते. नसेल तर मरते. म्हणजे संयोजक तेच. अर्थ ठरतो तो सोबत्यांवरून व क्रमावरून. हे शब्दसिद्धीपेक्षा वाक्यरचनेच्या जवळचे आहे.

‘फॅड’च्या मूळ इंग्रजी नावातच ‘मृत्यू’ आहे. तथापि ज्या उंदरांत ते नव्हते ते गर्भातच दगावतात, असे १९९८ साली आढळले; त्याविना टी-पेशींची वाढही खुंटते. मृत्यूच्या एका निराळ्या प्रकारास ‘फॅड’ एरवी आवर घालीत असते, हा उलगडा २०११ साली झाला. त्यास मराठीत ‘मृत्यु-संयोजक’ म्हणण्यास माझा विरोध आहे तो याचसाठी. नुसते ‘संयोजक’ पुरे.