लॅपटॉप संपावर गेला तर?

ऑफिसात मशीन बसलं की आयटीवाल्याला फोन लावायचा आणि चहाला सटकायचं. घरून काम करणाऱ्या आम्हा फ्रीलान्सर मंडळींचं काय? आमचं आयटी डिपार्टमेंट म्हणजे आम्हीच! डेडलाइन हुकली की पेमेंट लटकलं, कधीकधी क्लायंटही गेला.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. १९९८मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’च्या फाइल्स एका कमांडने उडाल्या. बॅकअप होता, पण धड चालत नव्हता! सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमनमुळे. बाळ लहान म्हणून ती घरून काम करायची आणि घरच्या कॉम्प्युटरवर कॉपी होती.

म्हणून माझा फंडा तीन-दोन-एक. कॉपी तीन, त्या दोन प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. म्हणजे लॅपटॉप, एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि क्लाउड. पण नुसतं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे बरं का! इथली फाइल डिलीट झाली की तिथलीही जाते. आणि डिस्क सतत जोडून ठेवू नका, रॅन्समवेअर तिलाही गाठतं.

महिन्यातून एकदा रंगीत तालीमही करते. लॅपटॉप बंद, मैत्रिणीच्या मशीनवर लॉगिन करून अर्धा तास काम. ओटीपी येतो का? फाइल उघडते का? बिटलॉकरची रिकव्हरी की आणि एडिटरचा नंबर मात्र कागदावरच हवा.

मुहूर्त शोधताय? २०११पासून ३१ मार्च हा ‘वर्ल्ड बॅकअप डे’ आहे. त्या दिवशी इन्व्हॉइसचा हिशेब लावायचाच असतो, सोबत हेही उरकून टाका!