नर्स व्हायचे आहे? मग दहावीनंतरच ठरवा



दहावीचा निकाल लागला की पाड्यावरच्या आया मुलींना घेऊन आमच्याकडे येतात. "ताई, हिला नर्स करायचं आहे. कुठं घालू?" गेल्या वर्षी मात्र एक मुलगी शिकून झाल्यावर आली. तालुक्याच्या गावातील एका खाजगी क्लासमधून तिने एका वर्षाचा 'नर्सिंग कोर्स' केला होता. फीसाठी वडिलांनी बैल विकला होता. नोंदणी करायला गेल्यावर कळले, की त्या प्रमाणपत्राला मान्यताच नाही. माहिती वेळेवर मिळाली असती तर तिचे वर्ष वाचले असते. म्हणून हा लेख.

नर्सिंगचे तीन मुख्य मार्ग आहेत. पहिला ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी असतो आणि बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते. दुसरा जी.एन.एम. हा तीन वर्षांचा आहे. त्यालाही शाखेची अट नाही, पण बारावीत इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात. येथे मुलांनाही प्रवेश मिळतो. तिसरा बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांचा. त्याला बारावी विज्ञान शाखा, त्यात भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय हवेत. राज्याची प्रवेश परीक्षाही द्यावी लागते. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना गुणांत ५ टक्के सवलत आहे.

म्हणजे दहावीनंतर कला शाखा घेतली की बी.एस्सी.चे दार त्याच दिवशी बंद होते. हे कोणी सांगत नाही म्हणून कितीतरी हुशार मुली मागे राहतात. तरी निराश होऊ नये. ए.एन.एम. झालेली मुलगी पुढे जी.एन.एम. करू शकते आणि जी.एन.एम. झालेली दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करू शकते. वाट लांबची आहे, पण आहे.

फी भरण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी. संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची व महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? शिक्षण संपल्यावर राज्य परिषदेत नोंदणी झाली तरच नर्स म्हणून काम करता येते. सहा महिन्यांत किंवा वर्षात 'नर्स' करून देतो म्हणणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे.

आता कागदपत्रे. आमच्या मुलींचे प्रवेश गुणांपेक्षा कागदांवर जास्त अडतात. जमातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्रही लागते आणि त्याला वेळ लागतो. त्यामुळे अकरावी-बारावीतच अर्ज करावा. वडील, आजोबा, चुलते यांचे शाळेचे जुने दाखले शोधून ठेवावेत. घरात कोणीच शाळेत गेले नसेल, तर महसुली नोंदी पाहाव्या लागतात.

पैशांसाठी महाडीबीटी संकेतस्थळावरून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत. तेथे जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. तिच्यात राहण्या-जेवणाचे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. चौकशी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी.

शिकून पुढे काय? नर्स म्हणजे फक्त मोठ्या दवाखान्यातील सिस्टर नव्हे. आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे असे शासनाचे प्रमाण आहे. तेथील ए.एन.एम. गरोदर मातांची तपासणी करते, बाळांना लस देते, आशाताईंना सोबत घेऊन घरोघरी जाते. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होता येते. ही पदे कंत्राटी असतात, हेही आधी समजून घ्यावे. याशिवाय अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह, मनोरुग्ण सेवा, शाळा व कारखान्यांचे आरोग्य विभाग आणि नर्सिंग शाळेत शिक्षिका, अशी अनेक कामे आहेत.

आमच्या भागाला तर घरच्या नर्सची फार गरज आहे. २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. गावोगावी रक्ततपासणी होते. पण 'वाहक' आणि 'रुग्ण' यांतला फरक घरच्या बोलीत समजावला नाही, तर लोक रिपोर्ट पत्र्याखाली खोचून विसरतात. भिली, कोरकू किंवा वारली बोलणारी नर्स आली की बायका मोकळेपणाने दुखणे सांगतात. दुभाष्याला जे जमत नाही ते तिला जमते.

मंडळीतील आपण सर्वांनी काय करावे? फीची मदत मोलाचीच आहे. पण आपल्यात शिक्षक आहेत, निवृत्त नर्स आहेत, कचेरीत काम केलेली माणसे आहेत. एखाद्या मुलीसोबत दाखल्यासाठी तहसीलला जाणे, तिचा अर्ज तपासून देणे, आठवड्यातून दोन तास इंग्रजी शिकवणे, ही मदतही तेवढीच मोठी आहे. बी.एस्सी.चा अभ्यास इंग्रजीतून असतो आणि पहिल्या वर्षी मुली तेथेच अडखळतात.

बैल विकणाऱ्या त्या वडिलांनी धाकटीला यंदा अकरावी विज्ञानाला घातले आहे. मोठी आता ए.एन.एम.च्या प्रवेशाची तयारी करते आहे. या वेळी फी भरण्याआधी दोघे बापलेक मान्यतेचा कागद घेऊन आमच्याकडे आले होते.