भेटी टाळून निघताना

२०२१च्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघं पुण्याहून म्युनिकला राहायला गेलो. नोकरी माझी. मार्चमध्ये करारावर सही केली आणि एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली. एप्रिलअखेर जर्मनीने भारतातून येणाऱ्यांसाठी दार जवळजवळ बंदच केलं, ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात किलकिलं झालं. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं मार्च २०२०पासूनच थांबलेली होती. दोन देशांनी आपसात ठरवलेल्या ‘एअर बबल’मधली मोजकी विमानं तेवढी उडत होती.

निघायची तारीख आम्ही लसीवरून ठरवली. नवरा पंचेचाळिशी ओलांडलेला, त्यामुळे त्याचे दोन्ही डोस जुलैच्या सुरुवातीला पूर्ण झाले. माझा पहिला डोस २२ जूनला. कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर सक्तीचं होतं, पण शिक्षणाला किंवा नोकरीला परदेशी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस मिळे. म्हणजे २० जुलै. त्यापुढे चौदा दिवस गेल्याशिवाय जर्मनी लस पूर्ण झाली असं मानत नव्हती. फ्रिजवर कॅलेंडर लावून बोटं मोजत आम्ही ८ ऑगस्टवर आलो.

मग नावाचा घोळ. आधारवर माझं नाव आणि आडनाव एवढंच, पासपोर्टवर मध्ये नवऱ्याचं नाव. लसीच्या प्रमाणपत्रावर आधारचं नाव उतरलं होतं. लसनोंदणीच्या कोविन पोर्टलवर दुरुस्ती एकदाच करता यायची आणि पासपोर्ट क्रमांकही तिथेच जोडायचा होता. त्या रात्री मी प्रत्येक अक्षर नवऱ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं, मगच बटण दाबलं. छापलेल्या तीन प्रती तीन वेगळ्या पिशव्यांत ठेवल्या. सामानाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कंटेनरचे दर त्या वर्षी आभाळाला भिडले होते, म्हणून बॅगांत मावलं ते घेतलं आणि उरलेलं वाटून टाकलं.

खरं अवघड काम पुढचं होतं. विमानाची धास्ती सगळ्यांनाच वाटत होती, पण विमानातली हवा तासाला वीस-तीस वेळा बदलते आणि आत फिरणारा भाग बारीक गाळण्यांतून जातो. मला भीती होती निघण्याआधीच्या पंधरा दिवसांची. आपल्याकडे माणूस परदेशी निघालं की घराघरांतून जेवायला बोलावणं येतं. आत्या ओटी भरते, मावशी लाडवांचा डबा आणते, शेजारी रात्री ‘पाचच मिनिटं’ म्हणून येऊन तासभर बसतात. कोरोनाच्या डेल्टा प्रकाराला यापेक्षा सोयीची जागा नव्हती. निघण्याच्या तोंडावर एकाला जरी ताप आला असता, तरी सगळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्याहून वाईट म्हणजे, आम्ही आजार इथेच ठेवून निघून गेलो असतो आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याला दवाखाना आला असता. एप्रिलमध्ये ऑक्सिजनच्या खाटेसाठी रात्रभर फोन फिरवले होते आम्ही. ते विसरणं शक्य नव्हतं.

म्हणून २४ जुलैपासून आम्ही कुणाकडे गेलो नाही, कुणाला घरात घेतलं नाही. फोनवर नाही म्हणताना जीभ जड व्हायची. आत्या रागावली, अजूनही थोडी रागावलेलीच आहे. तरी मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. लसीचं प्रमाणपत्र नियमाला पुरेसं होतं, पण निघण्याआधी दोन दिवस आम्ही तिघांनीही आरटी-पीसीआर करून घेतली. नाकात काडी फिरताना आठ वर्षांच्या मुलाने माझा अंगठा इतका घट्ट धरला की नखाचा वळ उठला. त्याच रात्री मोबाइलवर ‘निगेटिव्ह’ आलं.

आई-बाबांकडे निघतानाच गेलो, तेही जिन्यापर्यंत. आईने दाराबाहेर स्टूल मांडून त्यावर दह्याची वाटी ठेवली आणि स्वतः आत उंबऱ्यापाशी उभी राहिली. वाकून नमस्कार लांबूनच झाला. मुलगा सवयीने पुढे धावला, तेव्हा तिनेच हात आडवा केला. दही मी खाली गाडीपाशी मास्क उतरवून खाल्लं. वाटी द्यायला पुन्हा वर जायला नको, म्हणून ती पुसून पर्सच्या कप्प्यात टाकली.

विमानतळावर सोडायला आलेल्यांना आत सोडत नव्हते. रांगेत मात्र माणसं एकमेकांच्या पाठीला लागून उभी. आम्ही शेवटी राहिलो, घाई कुणाला होती? विमानात जेवणाचे ट्रे आले की सगळे एकदम मास्क काढायचे. आम्ही आमचे ट्रे झाकून ठेवले. शेजारच्या रांगा जेवून पुन्हा मास्क लावेपर्यंत भात गार झाला होता. मुलगा पेंगत होता, त्याला उठवून भरवला.

फ्रँकफर्टला प्रमाणपत्र स्कॅन झालं, नाव तपासलं, अर्ध्या मिनिटात पुढे. तिथून म्युनिक. म्युनिकच्या बायर्न राज्यात तेव्हा बसमध्येही एफएफपी-२ मास्क लागायचा. बारा वर्षांखालच्या मुलांना तेव्हा लस नव्हती, म्हणून मुलाला पाच दिवस घरात बसावं लागलं. चार भिंतींचं भाड्याचं घर, एक खिडकी आणि समोर एक चेस्टनटचं झाड. त्याने पाचही दिवस त्याचीच चित्रं काढली. सहाव्या दिवशी खाली उतरल्यावर सरळ जाऊन त्याने झाडाला हात लावला.

आईला रोज फोन करत होते, खोकला ऐकू येतोय का ते कान देऊन ऐकत होते. चौदाव्या दिवशी ती म्हणाली, ‘आम्ही ठणठणीत आहोत. वाटी तुझ्याकडेच राहिली ना?’ वाटी इथे मिठाच्या डब्याशेजारी होती. रिकामी तर परत करता येत नाही, म्हणून तेव्हापासून मी काय काय भरून न्यायचं ते मनात ठरवत राहिले.