देह पाहून लिहिलेला कागद

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण समाज कसा जगत होता, हे जमीनदारांच्या पत्रव्यवहारातून, चर्चच्या नोंदींतून आणि वर्तमानपत्रांतून पुष्कळ कळते. पण त्या समाजातली माणसे कशी मेली, कोणाच्या हातून मेली आणि त्या मरणाला शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय नाव दिले, हे जाणून घ्यायचे तर कॉरोनरच्या दप्तराकडे वळावे लागते. आकस्मिक, हिंसक किंवा संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी म्हणजे कॉरोनर, आणि स्थानिक पंचांची ज्यूरी बसवून, प्रत्यक्ष मृतदेह समोर ठेवून तो जी चौकशी करी ती इन्क्वेस्ट. हे पद इंग्लंडमध्ये ११९४ पासून आढळते आणि इंग्रजी कायद्याबरोबर ते जगभर पसरले. मुंबईतही १८७१ च्या कॉरोनर कायद्यानुसार असा अधिकारी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत होता, आणि पोलीस आजही मृतदेहाचा जो ‘इन्क्वेस्ट पंचनामा’ करतात, त्यातला पहिला शब्द त्याच परंपरेतून आलेला आहे.

साउथ कॅरोलायना राज्यातील एजफील्ड काउंटी या दृष्टीने विशेष अभ्यासण्यासारखी आहे. सव्हाना नदीच्या काठचा हा कापूस पिकवणारा प्रदेश १८६८ पर्यंत कागदोपत्री ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणवला जाई. यादवी युद्धापूर्वी, १८६० च्या जनगणनेत, त्याची लोकसंख्या सुमारे ४०,००० होती आणि तीत सुमारे २४,००० गुलाम होते. या एका काउंटीने राज्याला दहा गव्हर्नर दिले, आणि रक्तपाताबद्दलही तिचे नाव देशभर गाजले. १८४० मध्ये परस्परांशी द्वंद्वयुद्ध खेळून जखमी झालेले लुई विगफॉल आणि प्रेस्टन ब्रुक्स हे दोघेही इथलेच; त्यांपैकी ब्रुक्सने पुढे मे १८५६ मध्ये वॉशिंग्टनला सिनेटच्या सभागृहात गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनर यांना काठीने बेशुद्ध पडेपर्यंत मारले, त्याबद्दल त्याला ३०० डॉलर दंड झाला आणि त्याने राजीनामा दिल्यावर मतदारांनी त्यालाच पुन्हा निवडून पाठवले. अपमान झाल्यावर न्यायालयात जाणे हे पुरुषाला कमीपणाचे आणि स्वतःच्या हाताने परतफेड करणे हे इभ्रतीचे, असे मानणाऱ्या समाजात ज्यूरीवर बसणारे पंचही त्याच समजुतीत वाढलेले असत, ही गोष्ट इन्क्वेस्टचे कागद वाचताना सतत ध्यानात ठेवावी लागते. एच. व्ही. रेडफील्ड या पत्रकाराने १८८० मध्ये उत्तर आणि दक्षिण भागांतील खुनांची तुलना करणारे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा दक्षिणेतल्या हत्यांचे प्रमाण उत्तरेच्या कितीतरी पट असल्याचे त्याने दाखवून दिले, आणि साउथ कॅरोलायना हे त्याच्या प्रमुख उदाहरणांपैकी एक होते.

चौकशीची रीत साधी होती. मृत्यूची वर्दी आली की कॉरोनर, आणि तो लांब असल्यास जवळचा मॅजिस्ट्रेट, आसपासच्या शेतकऱ्यांना व दुकानदारांना बोलावून शपथ देई. मृतदेह जिथे सापडला तिथेच, म्हणजे नदीकाठी, अंगणात, कापसाच्या गोदामात किंवा झोपडीत, पंच त्याच्याभोवती जमत, जखमा पाहत, डॉक्टर असेल तर तो शवविच्छेदन करी, साक्षीदारांचे जबाब उतरवून घेतले जात आणि ज्यांना लिहिता येत नसे ते नावापुढे फुलीची खूण करत. देह पाहिल्याखेरीज चौकशी कायदेशीर होत नसल्याने पुरलेले प्रेत उकरून काढण्याची वेळही येई. निर्णयाचा मसुदा मात्र शतकानुशतके चालत आलेल्या साच्यातला असे: खून करणाऱ्याने आणि आत्महत्या करणाऱ्यानेही देवाचे भय मनात न धरता सैतानाच्या चिथावणीने ते कृत्य केले असे लिहिले जाई, आणि अंगावर खूण सापडली नाही की मृत्यू ‘ईश्वरी आघाताने’ झाला असे नोंदवले जाई. आजच्या वाचकाला ही भाषा पोथीतली वाटेल, पण त्या साच्याच्या मधल्या मोकळ्या जागांत जे हाताने भरले आहे, तेच खरे मोलाचे आहे. दारूच्या नशेत विहिरीत पडलेला माणूस, चुलीजवळ स्वयंपाक करताना झग्याने पेट घेतलेली बाई, वीज पडून मेलेला नांगऱ्या, पत्त्यांच्या डावावरून झालेल्या भांडणात खिशातल्या चाकूने भोसकलेला तरुण, अशी माणसे त्या जागांत भेटतात आणि सामान्य आयुष्याचा इतका जवळून घेतलेला तपशील दुसऱ्या कोणत्याही सरकारी कागदात सापडत नाही.

गुलामांच्या मृत्यूंचे कागद सर्वांत अवघड आहेत. साउथ कॅरोलायनात १७४० च्या कायद्याने गुलामाला ठार मारण्याची शिक्षा मुख्यतः दंडाची होती. १८२१ मध्ये जाणूनबुजून केलेल्या खुनासाठी ती मृत्युदंडाची झाली, परंतु क्षणिक संतापात मारल्यास दंड आणि तुरुंगवासावर भागे, आणि गोऱ्या माणसाविरुद्ध कृष्णवर्णीय व्यक्तीची साक्ष यादवी युद्ध संपेपर्यंत कायद्याला चालत नसे. म्हणजे चाबकाखाली माणूस मेला तर ते डोळ्यांनी पाहणारे सर्वजण कायद्याच्या लेखी मुके, आणि पंच म्हणून बसलेले सर्वजण मालकाचे शेजारी, अशी ती चौकशी असे. तरीही डॉक्टरला पाठीवरचे वळ मोजावे लागत, कातडी कुठे फाटली आणि रक्त कुठे साकळले हे सांगावे लागे आणि कारकुनाला ते लिहून घ्यावे लागे. शेवटी निर्णय मालकाच्या बाजूने गेला तरी त्या पाठीचे वर्णन दप्तरात राहिले, आणि ज्या माणसाचे नाव मालकाच्या हिशेबाच्या वहीत केवळ किमतीपुढे येई, त्याचे नाव इथे निदान एकदा, त्याच्या स्वतःच्या शरीरासह, नोंदले गेले.

तान्ह्या मुलांच्या मृत्यूंविषयी हे दप्तर जे सांगते ते तपासून घ्यावे लागते. गुलाम स्त्रीचे मूल सकाळी निपचित आढळले तर ते झोपेत आईच्या अंगाखाली गुदमरले असा निष्कर्ष सर्रास काढला जाई आणि दोष आईच्या निष्काळजीपणावर जाई. टॉड सॅविट आणि मायकेल जॉन्सन या इतिहासकारांनी १९७५ ते १९८१ च्या सुमारास या नोंदींची फेरतपासणी केली, तेव्हा त्यांतले पुष्कळ मृत्यू आज ज्याला आकस्मिक शिशुमृत्यू म्हणतात त्या प्रकारचे असावेत आणि गरोदरपणी शेतावर करून घेतलेल्या जड कामाचा त्यांच्याशी संबंध असावा, असे त्यांनी मांडले. आईवर शतकभर राहिलेला हा ठपका अन्यायाचा होता, हे स्पष्टपणे म्हणायला हवे. नवजात अर्भक लपवून पुरलेले सापडले तर डॉक्टर त्याची फुप्फुसे काढून पाण्याच्या भांड्यात टाकी. ती तरंगली तर मूल श्वास घेऊन मेले आणि बुडाली तर मृतच जन्मले, असे मानले जाई. देह कुजू लागल्यावर आत तयार होणाऱ्या वायूनेही फुप्फुसे तरंगतात हे त्या काळच्या वैद्यांना माहीत होते, पण एखाद्या एकट्या स्त्रीचे भवितव्य त्या भांड्यातल्या पाण्यावर अवलंबून असे.

युद्धानंतर गुलामगिरी संपली, कृष्णवर्णीयांची साक्ष ग्राह्य झाली, १८६८ च्या राज्यघटनेने त्यांना मताधिकार दिला आणि ते ज्यूरीवर बसू लागले. चौकशीचा साचा तोच राहिला, पण देहाभोवती उभे राहणारे लोक बदलले, आणि त्याने किती फरक पडू शकतो हे १८७६ मध्ये हॅम्बर्ग या गावात दिसले. पूर्वी एजफील्डमध्ये असलेले आणि १८७१ मध्ये नव्या एकेन काउंटीत गेलेले हे गाव प्रामुख्याने मुक्त झालेल्या गुलामांचे होते. ४ जुलैच्या संचलनात रस्ता अडवल्याच्या कुरबुरीचे निमित्त करून ८ जुलैला शेकडो सशस्त्र गोरे तिथे जमले, गावच्या कृष्णवर्णीय मिलिशियाची हत्यारे मागू लागले, नदीपलीकडच्या ऑगस्टाहून तोफ आणली गेली आणि रात्र सरेपर्यंत सहा कृष्णवर्णीय व एक गोरा ठार झाला. त्या सहांपैकी काहींना कैद केल्यानंतर एकेकाला बाहेर काढून गोळ्या घालण्यात आल्या. गावचा न्यायाधीश प्रिन्स रिव्हर्स हा एके काळी स्वतः गुलाम होता आणि युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेल्या पलटणीत सार्जंट होता. कॉरोनरचे काम अंगावर घेऊन त्याने इन्क्वेस्ट केली, साक्षी उतरवल्या, आणि ज्यूरीने ऐंशीहून अधिक गोऱ्या पुरुषांना नावानिशी खुनाचे आरोपी ठरवले. त्यांत एजफील्डचा बेंजामिन टिलमन हा तरुण जमीनदार होता.

खटला एकावरही उभा राहिला नाही. आरोपी जामिनावर सुटले, त्याच वर्षी धाकदपटशाने लढवलेल्या निवडणुकीनंतर राज्याची सत्ता गोऱ्या पक्षाच्या हाती गेली, टिलमन १८९० मध्ये गव्हर्नर झाला, पुढे १८९५ पासून १९१८ मध्ये मरेपर्यंत सिनेटर राहिला आणि हॅम्बर्गमधल्या आपल्या सहभागाबद्दल जाहीर सभांतून अभिमानाने बोलत राहिला. पुढच्या दशकांत झुंडींनी कृष्णवर्णीयांना झाडाला लटकावण्याचे प्रकार वाढले, तेव्हा इन्क्वेस्ट होई, देह उतरवून पाहिला जाई, आणि मृत्यू ‘अज्ञात व्यक्तींच्या हातून’ झाल्याचा निर्णय लिहून कागद बंद केला जाई. रिव्हर्सच्या ज्यूरीने जितक्या सहजपणे नावे लिहिली होती तितक्याच सहजपणे या ज्यूरींनी ती गाळली, वास्तविक झुंडीतले चेहरे अनेकदा साऱ्या गावाला ठाऊक असत. म्हणून या दप्तराचा उपयोग करणाऱ्या अभ्यासकाला प्रत्येक निर्णयाआधी तो देणारे पंच कोण होते, हे पाहावे लागते.

हॅम्बर्ग गाव आता उरलेले नाही. शेजारच्या नॉर्थ ऑगस्टा या शहरात १९१६ मध्ये त्या रात्रीच्या स्मरणार्थ एक दगडी स्तंभ उभारला गेला आणि त्यावर थॉमस मेरिवेदर या ठार झालेल्या एकमेव गोऱ्या तरुणाचे नाव कोरले गेले. गावचा मार्शल जेम्स कुक आणि त्याच्याबरोबर मारले गेलेले इतर पाच जण त्या दगडावर नाहीत. ते प्रिन्स रिव्हर्सने बोलावलेल्या पंचांनी देह पाहून लिहिलेल्या कागदांत आहेत.