पैठणहून काशीस : भट्ट घराण्याच्या पाच पिढ्या

स्वदेश सोडून दूर जाणारे कुटुंब नव्या प्रदेशात बहुधा जमिनीच्या आधाराने रुजते. रान तोडून शेत काढणारा, सीमेवर घर बांधणारा वसाहतकार हे त्याचे परिचित चित्र होय. सोळाव्या शतकात पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यापाशी मात्र नांगर नव्हता. ग्रंथ आणि अध्यापन हेच त्याचे भांडवल होते.

या घराण्याचे मूळ पुरुष रामेश्वरभट्ट हे विश्वामित्र गोत्री देशस्थ ब्राह्मण. गोदावरीच्या तीरी ते शिष्यांना शिकवीत असत. १५१३ मध्ये, कुटुंब प्रवासात असताना, त्यांचे ज्येष्ठ पुत्र नारायण यांचा जन्म झाला. नारायण लहान असतानाच हे कुटुंब काशीस आले आणि तेथेच स्थिरावले. हा वृत्तान्त रामेश्वरभट्टांचे नातू शंकरभट्ट यांनी ‘गाधिवंशानुचरित’ या संस्कृत ग्रंथात नोंदवून ठेवला. विश्वामित्र हे गाधी राजाचे पुत्र, म्हणून हे नाव. परक्या नगरीत वाढणाऱ्या पिढ्यांना आपले मूळ कोठले, याची आठवण राहावी, ही गरज त्या लेखनात दिसते.

काशीत सर्व प्रांतांचे यात्रेकरू येत. प्रत्येकाचा आचार निराळा, बोली निराळी. श्राद्ध कसे करावे, यात्रेचा क्रम कोणता, मतभेद असता कोणाचे वचन प्रमाण मानावे, असे प्रश्न तेथे रोज उभे राहत. नारायणभट्टांनी प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांवर ‘त्रिस्थलीसेतु’ रचला. परचक्रामुळे विश्वेश्वराचे लिंग जागेवर नसले, तर काय करावे, याचाही विचार त्यांनी केला. अशा वेळी त्या स्थानाचीच प्रदक्षिणा व पूजा करावी, असा त्यांचा निर्णय आहे. पुढे, १५८५ च्या सुमारास, अकबराचा मंत्री तोडरमल याच्या साहाय्याने आणि नारायणभट्टांच्या पुढाकाराने ते मंदिर पुन्हा उभे राहिले, असे परंपरा सांगते. १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने ते पाडले गेले.

नारायणभट्टांचे पुत्र रामकृष्ण आणि शंकर हेही ग्रंथकार होते. रामकृष्णांचे पुत्र कमलाकरभट्ट यांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला. व्रते, तिथी व संस्कार यांविषयी शंका आली की महाराष्ट्रातील पुरोहित याच ग्रंथाकडे वळत. कमलाकरांचे बंधू दिनकरभट्ट यांचे पुत्र विश्वेश्वर हेच इतिहासातील गागाभट्ट होत. ‘गागा’ हे त्यांचे घरातले लाडके नाव. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला, तो गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली. महाराजांच्या क्षत्रियत्वाविषयी आक्षेप घेतले जात असता काशीच्या या पंडिताच्या मान्यतेस मोठे वजन होते. आणि तो पंडित पैठणच्याच घराण्यातला होता. पणजोबांच्या वडिलांनी जी भूमी सोडली, तिच्यावरील नव्या राज्यास शास्त्राचा आधार देण्यासाठी पाचव्या पिढीचा पुरुष परत आला.

घराण्याची दुसरी शाखाही अशीच माघारी पोहोचली, परंतु ग्रंथरूपाने. शंकरभट्टांचे पुत्र नीलकंठभट्ट यांनी यमुना व चंबळ यांच्या संगमाजवळील भरेह येथील सेंगर राजपूत अधिपती भगवंतदेव यांच्या आश्रयाने ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा ग्रंथ रचला. त्यांपैकी ‘व्यवहारमयूख’ न्यायव्यवहारासंबंधी आहे. १८२७ मध्ये हॅरी बोरोडेल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. ब्रिटिश न्यायालयांनी गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे त्यास अग्रप्रमाण मानले. महाराष्ट्राच्या इतर भागांत त्यास ‘मिताक्षरे’खालोखाल स्थान मिळाले.

एका बाबतीत या मानाचे फळ फार प्रत्यक्ष होते. निपुत्रिक भावाच्या संपत्तीच्या वारसांत नीलकंठांनी आजीच्या लगेच नंतर बहिणीला स्थान दिले. बहीण भावाच्याच गोत्रात जन्मते, म्हणून तिला गोत्रज मानले पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. त्यामुळे जवळचे अन्य वारस नसता मुंबई इलाख्यातील बहिणीस दूरच्या चुलत्यांच्या आधी हक्क पोहोचत असे. काशीचा प्रदेश मात्र ‘मिताक्षरा’ व ‘वीरमित्रोदय’ यांना अनुसरे. तेथील बहिणीस वारसांच्या क्रमात असे स्थान १९२९ च्या कायद्याने मिळाले. १९५६ च्या हिंदू वारसा अधिनियमाने हे सर्व जुने नियम मागे पडले.

अशा रीतीने, गंगातीरी बसून लिहिलेला हा नियम ज्या नगरीने त्या घराण्यास आसरा दिला तेथे चालला नाही. तो चालला, ते घराणे जेथून निघाले होते त्या पश्चिम दिशेस.