अब्जाधीशांची शेतजमीन आणि आपल्या ताटातले अन्न

अमेरिकेतील सर्वांत मोठा खासगी शेतजमीनदार कोण, या प्रश्नाचे उत्तर जानेवारी २०२१ मध्ये ‘द लँड रिपोर्ट’ या नियतकालिकाने दिले, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. ते नाव कोणा पिढीजात शेतकरी घराण्याचे नव्हते. मायक्रोसॉफ्टचे संस्थापक बिल गेट्स यांच्याकडे १८ राज्यांत मिळून सुमारे २ लाख ४२ हजार एकर शेतजमीन असल्याचे त्या पाहणीत आढळले. हे क्षेत्र आपल्या गोव्याच्या एकूण भूभागाच्या चौथ्या हिश्शाहूनही थोडे अधिक भरते. तेव्हापासून एक शंका जगभर फिरत आहे. मूठभर धनाढ्यांच्या हाती जमीन गेली, तर उद्या अन्नही त्यांच्याच मुठीत जाईल काय? या शंकेत तथ्य किती आणि अतिशयोक्ती किती, हे आकड्यांच्या आधारे तपासणे आवश्यक आहे.

जमीन कोणाची, नांगर कोणाचा?

ही जमीन गेट्स स्वतः कसत नाहीत. त्यांच्या संपत्तीची व्यवस्था पाहणारी ‘कॅस्केड इन्व्हेस्टमेंट’ ही संस्था जमिनी विकत घेते आणि स्थानिक शेतकऱ्यांना खंडाने देते. लुईझियाना, आर्कान्सा आणि नेब्रास्का या राज्यांत तिचे मोठे क्षेत्र आहे. २०१७ साली कॅनडाच्या निवृत्तिवेतन निधीकडील शेतजमिनींचा मोठा संच सुमारे ५२ कोटी डॉलरना घेण्यात आला, तर पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यातील साडेचौदा हजार एकरांचा एकच व्यवहार १७ कोटी १० लाख डॉलरना झाला. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे, तर गेट्स हे दूरदेशीचे भाटकार आहेत आणि कसणारे त्यांचे खंडकरी.

आता दुसरी बाजू पाहू. अमेरिकेच्या २०२२ च्या कृषिगणनेनुसार त्या देशात सुमारे ८८ कोटी एकर शेतजमीन आहे. त्यात गेट्स यांचा वाटा शेकडा ०.०३ च्या आसपास, म्हणजे दहा हजार एकरांत तीन एकरांपेक्षाही कमी भरतो. एवढ्या वाट्यावर कोणालाही देशाचे धान्य रोखून धरता येणार नाही. तेव्हा ‘एका माणसाने अन्नपुरवठा ताब्यात घेतला’ हे विधान गणिताच्या कसोटीवर टिकत नाही.

पैसा मातीकडे का वळतो?

मात्र गेट्स एकटे नाहीत. निवृत्तिवेतन निधी, विमा कंपन्या आणि गुंतवणूक संस्था गेली अनेक वर्षे शेतजमीन घेत आहेत. कारण साधे आहे. जमीन नव्याने निर्माण होत नाही, महागाई वाढली की तिचे मोल वाढते आणि शेअर बाजार कोसळला तरी खंडाचे उत्पन्न सुरू राहते. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने ती सोन्यासारखीच, पण दरवर्षी उत्पन्न देणारी ठेव होय.

खरी अडचण इथे सुरू होते. जमिनीची किंमत पिकाच्या उत्पन्नावरून न ठरता गुंतवणुकीच्या स्पर्धेतून ठरू लागली, की शेती करू इच्छिणारा तरुण त्या बोलीत मागे पडतो. तो आयुष्यभर खंडकरीच राहतो. अमेरिकेत आजच जवळपास ४० टक्के शेतजमीन भाडेपट्ट्याने कसली जाते. खंडकऱ्याला पुढल्या वर्षी जमीन हाती राहील याची शाश्वती नसेल, तर विहीर, बांध किंवा मातीचा कस यांवर तो खर्च कशासाठी करील?

शिवाय देशाच्या सरासरीत क्षुल्लक वाटणारा वाटा एखाद्या प्रदेशात निर्णायक ठरू शकतो. कॅलिफोर्नियात बदाम आणि पिस्त्यांच्या बागांचे प्रचंड क्षेत्र असलेल्या रेझ्निक दांपत्याच्या उद्योगाकडे ‘कर्न वॉटर बँक’ या भूजल साठवण प्रकल्पातील निम्म्याहून अधिक हिस्सा आहे. दुष्काळी प्रदेशात ज्याच्याकडे पाणी, त्याच्याकडे शेजाऱ्याच्या शेतीचेही भवितव्य असते.

खरा ताबा कोठे आहे?

अन्नावरील नियंत्रणाचा विचार करताना केवळ सातबाऱ्याकडे पाहून भागत नाही. पेरणीपूर्वी बियाणे लागते आणि कापणीनंतर बाजार. या दोन्ही टोकांवर एकवटलेली सत्ता जमिनीवरील मालकीपेक्षा कितीतरी अधिक आहे. २०१७ साली केमचायनाने सिंजेंटा घेतली आणि २०१८ साली बायरने मोन्सँटो. जगाच्या बियाणे आणि कीटकनाशक व्यवसायाचा मोठा भाग त्यानंतर चार कंपन्यांकडे गेला. अमेरिकेत गोमांसासाठी पोसलेल्या गुरांपैकी सुमारे ८५ टक्के गुरे चारच कंपन्यांच्या कत्तलखान्यांत जातात. जमीन स्वतःच्या नावावर असलेला शेतकरीही अशा बाजारात भाव ठरवू शकत नाही, तो केवळ भाव स्वीकारतो.

कायद्याची भिंत

कंपन्यांच्या शेतीला पायबंद घालण्याचे प्रयत्न अमेरिकेत जुने आहेत. नॉर्थ डकोटा राज्यात १९३२ पासून असा कायदा आहे. २०२२ साली गेट्स यांच्याशी संबंधित न्यासाने तेथे सुमारे २,१०० एकर जमीन घेतली, तेव्हा राज्याच्या महाधिवक्त्याने खुलासा मागितला. जमीन शेतकऱ्यांनाच खंडाने दिली जाणार असल्याने व्यवहार कायदेशीर ठरला. नेब्रास्कातील अशीच बंदी तर २००६ साली न्यायालयात टिकली नाही. कायदा असणे आणि तो पुरेसा असणे, यांतील अंतर या दोन उदाहरणांतून स्पष्ट होते.

आपल्यासाठी बोध

आपल्याकडील परंपरा वेगळी आहे. गोव्यात गावकरी पद्धतीने जमीन गावाची मानली, तर कूळकायद्याने आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकी देण्याचा मार्ग खुला केला. भातशेती बिगरशेतकऱ्यांच्या हाती जाऊ नये, म्हणून २०२३ साली विधानसभेने स्वतंत्र कायदाही केला. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यावर निर्बंध आहेत आणि कमाल जमीनधारणेची मर्यादाही आहे. कर्नाटकाने मात्र २०२० साली आपल्या कायद्यात दुरुस्ती करून बिगरशेतकऱ्यांसाठी दार उघडले. गोव्याच्या स्वयंपाकघरांत येणारी बरीचशी भाजी बेळगाव परिसरातून येते. त्यामुळे तेथील जमीन उद्या कोणाच्या हाती असेल, हा प्रश्न सीमेपलीकडचा म्हणून सोडून देता येणार नाही.

खाजन शेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कसणाऱ्या मालकाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. एकाने बांधाकडे दुर्लक्ष केले, मानशीची निगा राखली नाही, तर खारे पाणी त्याच्याच नव्हे, शेजाऱ्याच्याही शेतात शिरते. गावात न राहणाऱ्या, केवळ भाववाढीची वाट पाहणाऱ्या मालकाला त्या पाण्याची चिंता नसते. तो मालक अमेरिकेतील अब्जाधीश असो की महानगरातील बांधकाम व्यावसायिक, परिणाम सारखाच.

म्हणून एखाद्या धनिकाच्या नावाने भयकथा रचण्यापेक्षा तीन गोष्टींची मागणी अधिक फलदायी ठरेल: जमिनीचा अंतिम मालक कोण हे जनतेला कळावे, खंडाने कसणाऱ्यास दीर्घ मुदतीची हमी मिळावी आणि बियाणे व बाजार यांतील मक्तेदारीवर सरकारने अंकुश ठेवावा. हे झाले, तर मालक कितीही श्रीमंत असला, तरी शेतात काय पिकवायचे याचा निर्णय कसणाऱ्याकडे राहण्याची शक्यता वाढेल.